विजेच्या गाडीचा घरगुती चार्जर : किती मोठा घ्यावा?

माझी धाकटी बहीण टोकावड्यास दिलेली आहे. कल्याणहून निघून मुरबाड, सरळगाव मागे टाकले की माळशेज घाटाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वर हे गाव लागते. आपल्या समाजातील अनेक घरांप्रमाणे तिचेही घर म्हणजे खाली किराण्याचे दुकान, मागे गोदाम आणि वर राहण्याची जागा. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने विजेवर चालणारी मोटार घेतली. आठवड्यातून तीनदा कल्याणच्या बाजारास जावे लागते आणि पेट्रोलचा खर्च अंगावर येऊ लागला होता. तेव्हा त्याचा निर्णय चुकीचा मुळीच नव्हता. गाडी घेताना त्याने बॅटरी, पल्ला, हमीची वर्षे, कर्जाचा व्याजदर या सर्वांची बारकाईने चौकशी केली. एकच गोष्ट विचारावयाची राहून गेली. गाडी रात्री कोठे आणि कशावर चार्ज करावयाची?

गाडीसोबत मिळालेली चार्जिंगची केबल त्याने दुकानातील गल्ल्यामागच्या पॉवर पॉइंटला लावली. चार्जरने तांबडा दिवा दाखवून काम करण्यास नकार दिला, कारण त्या पॉइंटला अर्थिंगच नव्हते. गावातील एका वायरमनने 'तोड' काढून दिली. त्याने मध्ये एक जोड बसवला, ज्यात अर्थची तार न्यूट्रलला जोडलेली होती. चार्जर फसला आणि सुरू झाला. केबल गाडीपर्यंत पोहोचत नव्हती म्हणून मध्ये एक एक्स्टेन्शन बोर्डही आला. चौथ्या दिवशी पहाटे माझी बहीण राई प्रतिक्रमणासाठी उठली असता तिला जळाल्याचा वास आला. खाली येऊन पाहते तो बोर्ड काळा पडून वितळू लागलेला, आणि हातभर अंतरावर बारदानाची थप्पी, कापसाच्या वातींची खोकी व तेलाचे डबे. देव-गुरुकृपेने मेन स्विच वेळेत बंद झाला. वर त्या वेळी घरातील पाच माणसे झोपलेली होती, त्यांत दोन लहान मुले.

त्याच सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, आता सर्वांत मोठा चार्जरच बसवून टाकतो, म्हणजे कटकट मिटेल." मी त्याला म्हटले, "अरे, चूक चार्जर लहान होता ही नव्हे. आधी हिशेब करू, मग खरेदी करू." तो हिशेब येथे मांडत आहे. आपल्या समाजातील पुष्कळ घरांत आज हाच प्रश्न उभा आहे आणि त्याचे उत्तर बहुधा विक्रेत्याच्या तोंडून येते, हे या लेखाचे प्रयोजन.

भिंतीवरचे खोके म्हणजे नेमके काय?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. घरात भिंतीवर जे खोके बसवतात त्यास आपण चार्जर म्हणतो. परंतु खरा चार्जर गाडीच्या आत असतो. घरातील वीज एसी असते, बॅटरीला डीसी लागते, आणि हे रूपांतर गाडीतील चार्जर करतो. भिंतीवरचे खोके हे एक सावध स्विच आहे. अर्थिंग ठीक आहे की नाही, केबल नीट बसली आहे की नाही, हे ते तपासते. किती विद्युतप्रवाह घेता येईल ते गाडीला सांगते, आणि मगच वीज सोडते. रस्त्यावरील मोठ्या जलद चार्जरची गोष्ट निराळी. तो स्वतः डीसी तयार करून थेट बॅटरीला देतो. ते यंत्र घरासाठी नाही.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. गाडीतील चार्जर, भिंतीवरचे खोके आणि घराची वीजजोडणी या तिघांत जो सर्वांत लहान, त्याच्या वेगाने गाडी चार्ज होते. टाटा नेक्सॉनची विजेवरची गाडी जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा तिची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची आणि गाडीतील चार्जर ३.३ किलोवॅटचा होता. अशा गाडीला ७.२ किलोवॅटचे खोके लावले तरी ती ३.३ च्याच गतीने वीज घेणार; वरचे पैसे भिंतीवर टांगलेले राहतील. टियागोच्या काही प्रकारांत ३.३ चा, तर काहींत ७.२ चा चार्जर आला. म्हणून केवळ गाडीच्या नावावर जाऊ नये. आपण घेतलेल्या प्रकाराच्या माहितीपत्रकात 'ऑनबोर्ड चार्जर' किती किलोवॅटचा लिहिला आहे, ते पाहावे.

तीन पर्याय

आपल्याकडे घरासाठी मुख्यतः तीन पर्याय उपलब्ध आहेत. पहिला, गाडीसोबत येणारी हलवता येण्याजोगी केबल, जी १५-१६ अँपिअरच्या पॉइंटला लावतात. २३० व्होल्टवर १५ अँपिअर म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. प्रत्यक्षात तीन-सव्वातीन धरावे. दुसरा, भिंतीवरचा ७.२ किंवा ७.४ किलोवॅटचा चार्जर. हा सिंगल फेजवर सुमारे ३२ अँपिअर घेतो. तिसरा, ११ किलोवॅटचा, ज्यास थ्री फेज जोडणी लागते.

तिसरा पर्याय मोठ्या बॅटरीच्या गाड्यांसाठी आहे. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या गाड्यांत ५९ आणि ७९ किलोवॅट-तासांच्या बॅटऱ्या आहेत. ७९ ची बॅटरी तीन किलोवॅटवर रिकामीपासून भरावयाची तर एक अहोरात्र पुरणार नाही. उलट एमजी कॉमेटची बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची, ती एका रात्रीत साध्या केबलवर पूर्ण भरते. परंतु येथेही थांबून विचार करावा. बॅटरी रोज रिकामी होते का? आपण रोज जेवढे अंतर धावतो तेवढीच भर रोज घालावयाची असते. दुकानात जेवढा माल विकला जातो तेवढाच आपण मागवतो. गोदाम रोज तळापासून भरत नाही.

टोकावड्याचा हिशेब

टोकावडे ते कल्याण हे अंतर साधारण पंचावन्न किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे दहा. मध्यम आकाराची विजेची गाडी एका युनिटमध्ये सहा ते आठ किलोमीटर जाते. आपण सात धरू. म्हणजे बॅटरीतून सुमारे सोळा युनिटे खर्च झाली. चार्ज करताना थोडी वीज उष्णतेत जाते, ती धरून मीटरवर साडेसतरा-अठरा युनिटे पडतील. तीन किलोवॅटच्या साध्या केबलवर यास सहा तास लागतात. दुकान वाढवून रात्री दहाला केबल लावली तर पहाटे चारला काम संपते. गाडी तर सकाळी सातपर्यंत उभीच आहे.

घाटाचा प्रश्नही भाच्याने विचारला. माळशेज चढून आळेफाट्याकडे जाताना फार वीज जाते का? सोळाशे किलो वजनाची गाडी पाच-सहाशे मीटर उंचावर नेण्यास केवळ चढाचा अधिकचा खर्च सुमारे तीन युनिटे येतो. उतरताना गाडी ब्रेकच्या वेळी वीज परत बॅटरीत घालते, त्यामुळे त्यातील काही भाग परतही मिळतो. तेव्हा घाटासाठीही मोठ्या चार्जरची गरज नाही. एखादा तास अधिक पुरे.

७.२ किलोवॅटच्या चार्जरवर हेच काम अडीच तासांत होईल. परंतु वाचलेले साडेतीन तास कोणाच्या उपयोगाचे? त्या वेळी घरातील सर्वजण झोपलेले असतात. ज्याची गाडी दिवसातून दोनदा लांब पल्ल्यावर जाते, ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत किंवा ज्याच्या गाडीची बॅटरी मोठी असून रोज दोनशे किलोमीटरच्या वर धाव आहे, त्याने ७.२ चा जरूर विचार करावा. इतरांनी आधी आपली महिनाभराची धाव वहीत लिहून काढावी. व्यापाऱ्यास हे शिकवावे लागत नाही.

मंजूर भार म्हणजे कर्जमर्यादाच

बँकेत असताना मी अनेक व्यापाऱ्यांची कॅश क्रेडिट खाती पाहिली. मंजूर मर्यादा दहा लाखांची आणि उचल चौदा लाखांची, अशी स्थिती आली की खाते बिघडू लागते. घराच्या विजेचेही असेच आहे. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' असा एक आकडा किलोवॅटमध्ये छापलेला असतो. कित्येक वर्षांपूर्वी घर बांधताना जो भार लिहिला गेला, तोच आजही चालू असतो. मध्यंतरी घरात गिझर आला, वातानुकूलन यंत्र आले, विहिरीवर किंवा टाकीवर पंप आला, परंतु बिलावरचा आकडा कोणी पाहिला नाही.

भाच्याच्या घरचा आम्ही हिशेब मांडला. गिझर दोन किलोवॅट, वातानुकूलन यंत्र दीड, पंप पाऊण, आणि फ्रीज, दिवे, पंखे, मिक्सर मिळून एक. म्हणजे सव्वापाच. त्यावर ७.२ चा चार्जर ठेवला तर साडेबारा किलोवॅट होतात, जे सिंगल फेजच्या आवाक्याबाहेर आहे. थ्री फेज घ्यावी लागेल. तीन किलोवॅटची केबल ठेवली आणि ती रात्री दहानंतर, गिझर व पंप बंद असताना चालवली, तर एकाच वेळचा भार सहाच्या आत राहतो. तरीही मंजूर भार वाढवून घेणे आवश्यकच होते, आणि तसा अर्ज आम्ही केला. भार वाढवल्यावर स्थिर आकारात काही भर पडते का, हे अर्जाच्या वेळीच विचारून घ्यावे.

नव्या जोडणीबाबत एक गोष्ट वाचकांस ठाऊक असावी. केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, कागदपत्रे पूर्ण असलेल्या अर्जावर महानगरांत ३ दिवसांत, नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी देण्याची मुदत आहे. विजेच्या गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्कही त्याच दुरुस्तीने स्पष्ट केला. कल्याण-ठाण्याकडे सोसायटीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांस ही तरतूद विशेष उपयोगी आहे.

दुकानाचा मीटर की घराचा?

खाली दुकान, वर घर असणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. दुकानाचा मीटर वाणिज्य दराचा आणि घराचा निवासी दराचा असतो. भाच्याने सोयीसाठी गाडी दुकानाच्या पॉइंटला लावली, म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो प्रत्येक युनिटला वाणिज्य दर भरत होता. घरची गाडी घराच्या मीटरवर असावी.

निवासी दरातही एक बारकावा आहे. महावितरणचा निवासी दर टप्प्यांचा आहे : १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यावर. भाच्याच्या घरचा मासिक वापर १८० युनिटे. गाडीची धाव महिन्याला दोन हजार किलोमीटर, म्हणजे मीटरवर सुमारे ३२० युनिटे. एकूण ५०० झाली. घराची १८० युनिटे आधीच लागत होती. म्हणून गाडीच्या ३२० पैकी १२० युनिटे दुसऱ्या टप्प्यात आणि २०० युनिटे तिसऱ्या टप्प्यात पडतात. विक्रेता जो 'किलोमीटरला इतके पैसे' असा हिशेब सांगतो, तो बहुधा पहिल्या टप्प्याच्या किंवा सरासरीच्या दराने असतो. गाडीचा खरा खर्च वरच्या टप्प्यांच्या दराने मोजावा. एवढे करूनही तो पेट्रोलच्या पुष्कळ खाली येतो. मात्र हिशेब खरा असावा.

ज्यांचा घरगुती वापरच चारशे-पाचशे युनिटांचा आहे, त्यांनी गाडीसाठी स्वतंत्र मीटर घेण्याचा विचार करावा. त्यासाठी चालू दरपत्रक घेऊन स्वतंत्र मीटरचा स्थिर आकार आणि वरच्या टप्प्यात वाचणारी रक्कम समोरासमोर मांडावी. केंद्राने जून २०२३ मध्ये केलेल्या नियमदुरुस्तीमुळे स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांना दिवसाच्या सौर तासांत स्वस्त दर देण्याची पद्धत रूढ होत आहे. ज्या दिवशी गाडी घरीच उभी असेल, त्या दिवशी दुपारी चार्ज करणे अशा ग्राहकांस लाभाचे ठरेल.

आणखी एक मोह टाळावा. पावसाळ्यात माळशेजला जाणारे पर्यटक महामार्गावरील दुकानांत चार्जिंगची चौकशी करतात. गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, त्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला आहे. तथापि हा व्यवसाय करावयाचा तर त्यासाठी योग्य दराची स्वतंत्र जोडणी घ्यावी. घरच्या मीटरवरून गिऱ्हाइकांच्या गाड्या चार्ज करून पैसे घेणे नियमाला आणि अचौर्याच्या आपल्या व्रताला धरून होणार नाही.

पैसा कोठे खर्च करावा?

आता मूळ मुद्दा. मोठा चार्जर न घेतल्याने जी रक्कम वाचते, ती वायरिंग व अर्थिंगवर खर्च करावी. गिझर वीस मिनिटे चालतो. गाडी सहा-आठ तास सलग तोच प्रवाह घेते. जी तार गिझरला पुरते ती गाडीला पुरेलच असे नाही. शिवाय तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. त्याच तारेतून १५ ऐवजी ३० अँपिअर गेले तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. जुन्या वायरिंगवर मोठा चार्जर बसवणे का धोक्याचे, ते यावरून ध्यानात येईल.

मीटरपासून गाडीच्या शेडपर्यंत स्वतंत्र तार न्यावी. मध्ये दुसरा कोणताही पॉइंट जोडू नये. १५-१६ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटरची आणि ३२ अँपिअरसाठी निदान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार धरतात. अंतर फार असेल तर त्याहून जाड. घरगुती पॉवर पॉइंटऐवजी १६ अँपिअरचा औद्योगिक प्रकारचा, झाकण असलेला सॉकेट घ्यावा. एक्स्टेन्शन बोर्ड कदापि वापरू नये.

अर्थिंग हा सर्वांत दुर्लक्षित विषय. सह्याद्रीच्या पायथ्याशी मुरुमाड व कातळाची जमीन असल्याने पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग वैशाखात निकामी होऊ शकते. म्हणून उन्हाळ्यात त्याची मोजणी करून घ्यावी आणि खड्ड्यात पाणी घालीत राहावे. न्यूट्रल व अर्थ यांच्यामधील दाब मीटरने मोजावा. तो दोन-तीन व्होल्टहून अधिक आढळल्यास आधी दोष शोधावा. भाच्याच्या घरी झालेला प्रकार, म्हणजे अर्थची तार न्यूट्रलला जोडून चार्जरला फसवणे, हा तर जिवाशी खेळ आहे. बाहेर न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यावर वीज उतरू शकते. चार्जर नकार देतो तेव्हा तो आपले रक्षण करीत असतो. त्याचे तोंड बंद करू नये.

त्यानंतर संरक्षक उपकरणे. एमसीबी तारांचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. माणसासाठी आरसीसीबी लागते, आणि ती ३० मिलिअँपिअरची असावी. त्यातही प्रकार आहेत. 'टाइप एसी' ही केवळ एसी गळती ओळखते. विजेच्या गाडीतून डीसी गळतीचा संभव असतो, म्हणून 'टाइप ए' घ्यावी, आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का, ते विचारावे. नसल्यास महाग परंतु परिपूर्ण अशी 'टाइप बी' लागते. आपल्या भागात गडगडाटासह पाऊस मोठा. म्हणून विजेच्या लाटेपासून वाचवणारे सर्ज संरक्षकही बसवावे आणि वीज कडाडत असताना केबल काढून ठेवावी. घरातील बॅटरीच्या इन्व्हर्टरवर गाडी कधीही लावू नये.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे व त्याचा चाचणी अहवाल लेखी घ्यावा. दुकानाचा विमा असेल तर चार्जर बसवल्याचे विमा कंपनीस पत्राने कळवावे. दुर्दैवाने आग लागली आणि जोडणी अनधिकृत निघाली, तर दावा अडकतो. हे बँकेत बसून मी पाहिले आहे.

जागा आणि जयणा

चार्जर कोठे असावा? गोदामात नाही, बारदान, तेल, कापूस, फटाके यांच्याजवळ नाही, आणि घरातून बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवरही नाही. भाच्याने घराच्या बाजूला पत्र्याची उघडी शेड घातली. भिंतीवर, पावसाचे पाणी साचते त्या पातळीच्या बरेच वर, सॉकेट बसवला. उघड्यावर बसवावयाच्या चार्जरचा आयपी दर्जा ५४ वा त्याहून वरचा असावा.

येथे आपल्या आचारातील एक शब्द आठवतो, पडिलेहण. साधू-साध्वी आपली उपकरणे नित्य निरखून पाहतात, जेणेकरून एखाद्या सूक्ष्म जिवास इजा होऊ नये. केबल लावण्यापूर्वी सॉकेट व प्लग असाच निरखावा. चातुर्मासात सॉकेटच्या भोकांत मुंग्या शिरतात, कुंभारीण मातीचे घर करते, पाल आडोशाला बसते. झाकण नित्य बंद ठेवले तर जीवही वाचतात आणि ठिणगीही टळते. त्याच वेळी प्लग काळवंडला आहे का, हाताला कढत लागतो का, तेही कळते. शेडमध्ये रात्रभर दिवा ठेवण्याचे कारण नाही. गाडी अंधारातही चार्ज होते, आणि दिव्यावर येऊन मरणारे किडे वाचतात. जयणा आणि विजेची सुरक्षितता येथे एकच होतात.

करसवलती व सौर छप्पर

बिलाबाबत दोन शब्द. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाड्यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तसाच चार्जरवरील १८ वरून ५ टक्के झाला. म्हणून चार्जरचा दर स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावा. तार व इतर सामानाचा दर निराळा असतो. गाडीच्या कर्जावरील व्याजास आयकर कलम ८० ईईबी खाली वर्षाला दीड लाखांपर्यंत वजावट मिळत असे. परंतु ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. आजही कोणी ती सवलत दाखवून गाडी विकू पाहत असेल, तर सावध राहावे.

छत मोकळे असेल तर सौर संच हा उत्तम जोड आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट वा अधिक संचास एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे बारा युनिटे देतो, आषाढ-श्रावणात कमी. गाडी दिवसा बाहेर असली तरी नेट मीटरिंगमुळे दिवसा दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. माझी रोजची सरासरी धाव किती, आणि गाडी रात्री किती तास उभी असते?
२. माझ्या गाडीतील चार्जर किती किलोवॅटचा आहे?
३. बिलावरील मंजूर भार किती, आणि रात्री दहानंतर घरात एकाच वेळी काय काय चालू असते?
४. चार्जर कोणत्या मीटरवर आहे, आणि गाडीची युनिटे कोणत्या टप्प्यात पडतील?
५. अर्थिंगची मोजणी शेवटची केव्हा झाली?
६. आरसीसीबी कोणत्या प्रकारची आहे?
७. जवळ ज्वालाग्राही माल किंवा बाहेर पडण्याची वाट आहे का?

भाच्याने अखेर मोठा चार्जर घेतला नाही. गाडीसोबत आलेलीच केबल ठेवली. स्वतंत्र तार, नवे अर्थिंग, टाइप ए आरसीसीबी व औद्योगिक सॉकेट यांवर खर्च केला. शेडपर्यंत ६ चौरस मिलिमीटरचीच तार टाकून घेतली, म्हणजे पुढे धाव वाढली तर भिंत फोडावी लागणार नाही. गाडी रोज सकाळी भरलेली असते, आणि माझी बहीण पहाटे निर्धास्तपणे आसनावर बसते.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे : आपली गरज मोजावी, तिला मर्यादा घालावी आणि त्या मर्यादेत राहावे. चार्जर निवडतानाही याहून वेगळे काही करावयाचे नाही. गरज मोजली की लहान चार्जर पुरतो, आणि उरलेला पैसा जेथे खरोखर लागतो तेथे, म्हणजे घरातल्या माणसांच्या रक्षणासाठी, लावता येतो. आज रात्री दुकान वाढवताना एकदा आपल्या मीटरजवळ जाऊन बिलावरचा मंजूर भार आणि पेटीतील आरसीसीबी एवढे तरी पाहून घ्यावे, ही विनंती.

जय जिनेंद्र.